मालखिओनची ओळ

मालखिओनबद्दल अपेलीसला खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. एकाच मंडळीत, एकाच ओसरीवर वर्षानुवर्षं शेजारी बसूनही मालखिओनच्या आईचं नाव त्याला माहीत नव्हतं. त्याच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता, तो कशाचा, हे त्याने कधी विचारलं नाही. लग्न का केलं नाही, प्रभूच्या मार्गाला कुणाच्या सांगण्यावरून लागला, काम करताना गुणगुणायचा ते गाणं कुठल्या मुलखातलं, काहीच माहीत नाही. ज्याचा हेवा वाटतो त्याची आपल्याला खडान्‌खडा माहिती असते, असं लोक समजतात. अपेलीसचं तसं नव्हतं. मालखिओनच्या जेवढ्या गोष्टी त्याला खुपत, तेवढ्याच त्याला दिसत. पुढे जे सांगितलंय ते बहुतेक त्या खुपणाऱ्या गोष्टींवरूनच, तेव्हा मालखिओनवर त्यात थोडा अन्याय होणार, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लाओदिकेयाच्या बंदरावर, डोंगरातल्या द्राक्षारसाचे बुधले जहाजांवर चढतात तिथे, जकातीच्या चौकीसमोर मालखिओन बाकडं मांडून बसे. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा. शेळी चोरीला गेली, शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, सावकाराने गाढव ओढून नेलं, असे अर्ज. माणूस रडत, शिव्या देत, मध्येच आपल्या सासूवर घसरत सगळं सांगायचा आणि मालखिओन खारवलेला मासा चघळत ऐकून घ्यायचा. मग लिहायचा. ‘आणि मी घरी आलो. आणि दार उघडं होतं. आणि शेळी नव्हती.’ असं साधं, एकापुढे एक. अर्ज ज्याचा, नाव त्याचं. तळाशी मात्र रिवाजाप्रमाणे एक ओळ असे: ‘याला अक्षर येत नाही म्हणून मी, मालखिओन, याच्यासाठी लिहिलं.’

अपेलीसची पाठशाळा वरच्या आळीला होती. व्यापाऱ्यांची मुलं त्याच्याकडे वक्तृत्व शिकायला येत. त्याचं ग्रीक स्वच्छ, आवाज खणखणीत, उच्चार असे की बंदरावरचा हमालसुद्धा थांबून ऐकेल. म्हणूनच रोदोपीताईच्या घरी रविवारी मंडळी जमली की शास्त्र वाचायचा मान त्याचा. रोदोपीताई म्हणजे द्राक्षारसाच्या एका व्यापाऱ्याची विधवा. घर मोठं, ओसरी मोठी, मन त्याहून मोठं आणि जीभ सगळ्यांत मोठी.

त्या मंडळीत झब्दाई आबा होते. आबांनी तरुणपणी प्रभूच्या बाराजणांपैकी एकाला, कोळ्याचा धंदा सोडून आलेल्या त्या प्रेषिताला, समोर बसून ऐकलं होतं. त्या प्रेषिताचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. नावांवरून आधीच पुष्कळ भांडणं झालीत. आबा जेवणानंतर त्यांच्याकडून ऐकलेलं सांगत. पण वय झालं तसे ते घसरायला लागले. कधी आंधळा बरा व्हायच्या आधीच चालायला लागे, कधी वादळ शमल्यावर पुन्हा सुरू होई. रोदोपीताईच एकदा म्हणाली, “आबा आहेत तोवर कुणीतरी हे लिहून काढा रे. दोघंदोघं लिहिणारे बसलेत इथे, नुसते डाळ ओरपत.”

तेव्हा काम दोघांनाही सांगितलं गेलं. दोघांनीही ऐकावं, दोघांनीही लिहावं, मग बघू.

अपेलीसने त्या हिवाळ्यात प्रस्तावना लिहायला घेतली. मोठ्या ग्रंथाला प्रस्तावना हवी, हे त्याला पाठ होतं आणि तो ते मुलांना शिकवतही असे. पहिलं वाक्य त्याने इतक्यांदा बदललं की मेणाची पाटी पातळ झाली. ते वाक्य सुंदर होतं, हे त्याच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. पण त्या वाक्यातून प्रभू काही बाहेर येईना.

“काय गुरुजी,” मालखिओन ओसरीवर बोटं चाटत विचारायचा, “अजून उंबरठ्यावरच का? पाहुणा केव्हाचा दारात उभा आहे, त्याला आत तरी घे.”

“पायाभरणीला वेळ लागतो, भाऊ.”

“लागू दे, लागू दे. मी आपला झोपडीवाला.”

झोपडी वल्हांडणाच्या सणाआधी उभी राहिली. गिऱ्हाइकं नसतील तेव्हा बाकड्यावर, आबांच्या खाटेशेजारी बसून, तर कधी जेवता जेवता, असं करत मालखिओनने सगळं लिहून आणलं. पपायरसच्या गुंडाळीवर माशाचा एक तेलकट डाग होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा गेले.

ती गुंडाळी पहिल्यांदा वाचायचं काम अर्थातच अपेलीसकडे आलं. तो दिवस त्याला शेवटपर्यंत जसाच्या तसा आठवत राहिला. वाचताना त्याला सगळे दोष दिसत होते. ‘आणि तो उठला. आणि ते निघाले. आणि लगेच.’ हे काय लिहिणं झालं? प्रभूला सरोवराकडे जायचंय आणि हा त्याला उलट्या बाजूच्या गावातून फिरवून आणतो. मालखिओनने तो मुलूख कधी पाहिलेलाच नव्हता. अपेलीसला मनातून बरं वाटलं. आता लोक हसतील.

कोणी हसलं नाही. ओसरीवर भांडंही वाजत नव्हतं. मजकुराच्या शेवटच्या स्तंभाशी तो आला. तिथे असं होतं की कबरीवरून घाबरून पळालेल्या बाया घरी गेल्या. आणि त्यांनी चूल पेटवली. आणि भाकरी केली. आणि एक पान जास्तीचं मांडलं. आणि दार उघडं ठेवलं. एवढंच. रोदोपीताईने तोंडाला पदर लावला आणि तिच्या मागच्या बायका हुंदके द्यायला लागल्या.

“काय वाचतोस रे अपेलीस,” जाताना ती म्हणाली. “आणि काय लिहिलंय याने.”

त्यातला ‘आणि’ अपेलीसच्या पोटात रुतला. घरी जाऊन त्याने प्रस्तावनेची पाटी पुसून टाकली. मग त्याच पाटीवर मुलांना धडा घातला.

पुढे दर रविवारी तेच. त्याला आपल्या आवाजात मालखिओनचे शब्द वाचावे लागत आणि जितकं तो चांगलं वाचे तितकी मालखिओनची वाहवा होई. एकदा त्याने मुद्दाम सपाट वाचून पाहिलं. तर एक म्हातारी म्हणाली, आज जास्तच खरं वाटलं. त्यानंतर त्याने तो प्रयत्न सोडला. सगळ्यांत वाईट म्हणजे मालखिओन स्वतः ऐकताना रडायचा. स्वतःच्याच लिहिण्यावर, नाक शिंकरून, पहिल्यांदाच ऐकतोय असा.

इथवर पोथीला नाव नव्हतं. टोपलीत एकच गुंडाळी, तिला नाव कशाला? ‘पोथी आण’ म्हटलं की तीच यायची.

मग अंत्युखियाहून भाऊ आले आणि त्यांनी आपल्याकडची एक गुंडाळी भेट म्हणून आणली. ती पण प्रभूचीच हकिगत, वेगळ्या हाताची. आता टोपलीत दोन झाल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच. एका रविवारी अपेलीसने घाईत भलतीच काढली आणि थोडंसं वाचून झाल्यावर रोदोपीताईने विचारलं, “हे आपलं नाही ना रे? आपल्यात प्रभूचे एवढे आजे-पणजे नव्हते.”

सगळे हसले. पण ठरलं की दोन्हींना चिठ्ठी डकवायची, चामड्याची पट्टी, बाहेर लोंबेल अशी. पाहुण्यांच्या गुंडाळीला होतीच. तिच्यावर भलंमोठं नाव होतं. आता आपल्या गुंडाळीवर काय लिहायचं?

“त्यात काय विचारायचं,” रोदोपीताई म्हणाली. “मालखिओनप्रमाणे. लिहिलं त्याने.”

मालखिओन भाकरीने ताट पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. ते लाल कान अपेलीसने पाहिले. हा माणूस खूश झाला, एवढंच त्याला कळलं, आणि त्याला बसवेना.

“ताई, एक बोलू?” तो म्हणाला. आवाज त्याने वर्गात लावायचा तोच लावला. “तुमच्या गोदामाचा अर्ज सुभेदाराकडे गेला, तो कुणी लिहिला होता?”

“यानेच.”

“नाव कुणाचं होतं वर?”

“माझं. गोदाम माझं.”

“मग हे कुणाचं आहे? आबांनी सांगितलं, आबांना प्रेषितांनी सांगितलं. उद्या ही पोथी अंत्युखियाला गेली आणि तिथे कुणी विचारलं, हा मालखिओन कोण, तर काय सांगायचं? शेळ्या हरवल्याचे अर्ज लिहितो म्हणून सांगायचं?”

कुणीतरी फिसकन हसलं. रोदोपीताईच्या कपाळाला आठी पडली.

“टोचून कशाला बोलतोस रे?”

“टोचत नाही, ताई. पोथीचा मान राहावा म्हणून म्हणतो.”

ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला इतकं सहज म्हणता आलं. आपलं नाव त्या पट्टीवर येणार नाही, हे तो जाणून होता. पण मालखिओनचंही येऊ नये. मेलेल्या संताला हात जोडून सगळं देऊन टाकायला अपेलीसची काही हरकत नव्हती. संताचा हेवा वाटत नाही. शेजारी बसून डाळ ओरपणाऱ्याचा वाटतो.

मालखिओनने ताट खाली ठेवलं. “बरोबर बोलतो गुरुजी,” तो म्हणाला. “माझ्या नावाने कोण ऐकणार? बंदरावरसुद्धा मला ‘ए शेळीवाल्या’ म्हणतात. कोळीबाबांचंच नाव घाला. त्यांचंच आहे ते. मी आपली खाली नेहमीची ओळ टाकतो, म्हणजे झालं. रिवाज आहे तो.”

आणि सगळ्यांदेखत त्याने गुंडाळी शेवटापर्यंत उलगडली, कानामागचा बोरू काढला आणि चूल, भाकरी, जास्तीचं पान, उघडं दार याच्या खाली लिहिलं: ‘प्रेषितांना अक्षर येत नव्हतं म्हणून मी, मालखिओन, त्यांच्यासाठी लिहिलं.’

यावर हरकत घेता येईना. घेणार कशी? अर्जाचा दाखला अपेलीसनेच दिला होता.

चिठ्ठी त्यानेच सुंदर अक्षरात लिहून डकवली. पण दर रविवारी वाचत वाचत शेवटाला आलं की डोळे त्या ओळीवर जाऊन आपटत. ती तो मोठ्याने वाचत नसे, वाचायची नव्हतीच. तरी ती तिथे बसलेली असे. प्रेषित आणि मालखिओन एकाच ओळीत, एका चटईवर मांडीला मांडी लावून. चिठ्ठीवर मालखिओनचं नाव आलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, असं त्याला वाटू लागलं. लोकांनी शंका तरी घेतली असती. ही ओळ अशी साधी होती की तिच्यावर शंका घ्यायला जागा नव्हती.

वाचून झालं की गुंडाळी उलटी फिरवून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवायची, हे वाचणाऱ्याचं काम. पाठशाळेत अपेलीस मुलांना यावरून छड्या मारत असे. न फिरवता ठेवली तर दोन गोष्टी होतात. पुढच्या वाचणाऱ्याचा खोळंबा होतो, आणि पोथीचा शेवट बाहेरच्या बाजूला राहतो. बाहेरची बाजू झिजते, घासते, तिला ओल लागते. आतलं सगळं सुखरूप राहतं.

एका रविवारी घरी पाहुणे यायचे होते म्हणून तो घाईत निघाला आणि गुंडाळी तशीच टोपलीत ठेवली. त्यात काही मनात धरलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी काढली तेव्हा शेवटच्या स्तंभाला एक बारीक चुणी पडली होती, अगदी त्या ओळीवर. त्याने ती बोटाने सपाट केली. नीट सपाट झाली. त्या दिवशी त्याला घाई नव्हती, तरी जाताना गुंडाळी त्याने तशीच ठेवली.

मग तशीच ठेवत गेला. वाचायच्या आधी थोडा लवकर येऊन तो ती सुरुवातीपर्यंत फिरवून घेई, म्हणजे कुणाचा खोळंबा नको. रोदोपीताईला वाटे, किती निष्ठेने येतो. टोपली तेलाच्या रांजणांशेजारी असे. पावसाळी हिवाळा आला, गेला, पुन्हा आला. पपायरसच्या टोकाचे धागे सुटले, कड चुरली. आधी गेली मालखिओनची ओळ. ज्या दिवशी ती पार दिसेनाशी झाली, त्या दिवशी अपेलीस घरी दोन वाट्या जास्त डाळ जेवला.

तिथे थांबायला हवं होतं. पुढच्या रविवारपासून उलटी फिरवून ठेवली असती तरी चाललं असतं. पण सवयही लागली होती आणि हिंमतही होत नव्हती. आता एकदम उलटी फिरवायला लागलो तर आपण काय करत होतो, ते आपल्यालाच कळेल, असं काहीसं त्याला वाटत असावं. नक्की सांगता येत नाही. ओळीमागून उघडं दार गेलं. मग जास्तीचं पान, भाकरी, चूल. मंडळीला पत्ताच लागला नाही, कारण अपेलीसला ते सगळं पाठ होतं. रिकाम्या, कुरतडलेल्या कडेकडे बघत तो खणखणीत आवाजात शेवट म्हणायचा, आणि बायका पदर तोंडाला लावायच्या.

त्याच सुमारास मालखिओनला छातीचं दुखणं लागलं आणि तो ओसरीवर यायचा बंद झाला.

अंत्युखियाहून निरोप आला की तुमच्या पोथीचा उतारा हवा. उतारा करायला एउप्लस नावाचा कातिब आला. शांत, नेमका माणूस. रोदोपीताईने गुंडाळी अपेलीसच्या पाठशाळेत पाठवली, कारण तिथे टेबल होतं आणि उजेड होता. एउप्लसने अक्षर न्‌ अक्षर उतरवलं. उलट्या वाटेने सरोवराकडे जाणारा प्रभू जसाच्या तसा उतरवला. शेवटाला आला आणि थांबला.

“गुरुजी, ‘त्या घाबरून पळाल्या’ इथे कड गेलीय. याच्यापुढे काय होतं?”

मुलं बाहेर गेली होती. अपेलीस खिडकीशी उभा होता. शेवट त्याच्या जिभेवर होता. पण तो सांगितला असता तर एउप्लसने विचारलं असतं, आणि त्याखाली? अशी माणसं विचारतातच. किंवा म्हणाला असता, लिहिणारे हयात आहेत ना, जाऊन विचारून येतो. मग तो बंदरावर मालखिओनच्या खोलीत गेला असता, आणि ती ओळ नव्या कोऱ्या पपायरसवर पुन्हा येऊन बसली असती.

“काही नाही,” तो म्हणाला. “तिथेच संपतं.”

“घाबरल्या, आणि संपलं?”

“लिहिणाराच तसा होता. घासून पुसून लिहायची सवय नव्हती त्याला.”

एउप्लस थोडा वेळ बोरू हातात धरून बसला. मग त्याने तिथेच ठिपका दिला.

उतारा गेला. त्यानंतर एका दुपारी रोदोपीताईने सुक्या अंजिरांची पुडी अपेलीसच्या हातात दिली आणि त्याला मालखिओनकडे पाठवलं. “तू गेलास की त्याला बरं वाटतं,” ती म्हणाली. हे खरं होतं, आणि अपेलीसला तेही आवडत नसे.

मालखिओन भिंतीला टेकून बसला होता. खोलीत लोकांनी विसरलेल्या आणि याने चुकून उचलून आणलेल्या वस्तू पडल्या होत्या. कुणाची तरी चप्पल, कुणाचा तरी कंदील. अंजीर बघून त्याचा चेहरा उजळला.

“ये, गुरुजी. झाला का उतारा?”

“झाला. गेलासुद्धा.”

“म्हणजे आता अंत्युखियाला वाचतील.” त्याने अंजीर चावून संपवलं. मग हळूच म्हणाला, “तुला एक सांगू? हसू नकोस. ते बायकांचं चूल पेटवणं आहे ना, ते आबांनी नव्हतं सांगितलं.”

अपेलीसने वर पाहिलं.

“आबा म्हणायचे, बाया घाबरून पळाल्या, आणि तिथेच त्यांना झोप लागायची. मी कितीदा विचारलं, पुढे काय? ते घोरायला लागायचे. मग मला वाटलं, घरी गेल्यावर त्या काय करणार? चूलच पेटवणार. माझी आई तेच करायची. तेवढं आपलं मी घातलं.” तो खोकला, मग हसला. “बाकी सगळं प्रेषितांचं. तेवढंच माझं. पाप तर नाही ना रे त्यात?”

अपेलीसच्या डोळ्यांसमोर कुरतडलेली कड आली आणि तिच्यामागे एउप्लसचा ठिपका. आता अंत्युखियाला जी पोथी वाचली जाईल तिच्यात मालखिओनचं काहीच नसेल, ती अगदी चिठ्ठीवर लिहिलंय तशीच असेल. पट्टी डकवताना तो जे बोलला होता ते आता पूर्ण खरं झालं होतं. आणि त्या क्षणीही त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही चूल आपल्याला का सुचली नाही.

“पाप कसलं,” तो म्हणाला.

“तू म्हणतोस म्हणजे नसेल.” मालखिओनने पुडीतलं शेवटचं अंजीर त्याच्यापुढे केलं. अपेलीसने घेतलं नाही, तेव्हा ते त्याने स्वतःच खाल्लं. अपेलीस उठला, उंबरठ्याशी पोचला.

“जाताना दार ओढू नकोस,” मागून मालखिओन म्हणाला. “उघडंच राहू दे. वारा येतो.”

“बरं.”

“आणि रविवारी येशील तेव्हा माझी वाटी आण. ताईकडे राहिलीय.”

“आणतो,” अपेलीस म्हणाला.